कोळशाची खाण, साचेखाते आणि लंडनचे मानसशास्त्रज्ञ



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने मानसशास्त्राच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, हे काहींना नाकापेक्षा मोती जड असे वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतल्या कपाटातच अधिक झाले. परंतु हा विषय मी निवडला नाही, तो माझ्याकडे चालत आला. काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात कामगारांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. युनियनचा प्रतिनिधी म्हणून मीही जाऊन बसलो. एका तरुण, हसतमुख प्रशिक्षकाने आठ-आठ जणांचे गट पाडले, प्रत्येक गटाच्या हाती जुनी वर्तमानपत्रे आणि चिकटपट्टी दिली आणि वीस मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा करा म्हणून सांगितले. पुढारी नेमायचा नाही, एवढीच अट. मनोरे उभे राहिले, पडले, हशा झाला. मग कोण आपणहून पुढे झाला, कोण गप्प बसला, कोणी कोणाचे ऐकले, यावर तासभर चर्चा झाली. माझ्या शेजारी बसलेला एक वेल्डर हळूच म्हणाला, “दादा, मनोऱ्याचं ठरवायचं आपण. आणि लाइनीवरचं?”

त्याला मी त्या दिवशी काही सांगू शकलो नाही. पण पुढारी न नेमता आठ माणसांना एक काम देऊन लांबून पाहत बसायचे, ही कल्पना आली कोठून, एवढे तरी शोधावे म्हणून मी मागे मागे जात राहिलो. तो माग मला लंडनच्या एका दवाखान्यापर्यंत घेऊन गेला, आणि तेथून परत अहमदाबादच्या एका साचेखात्यात.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली राहून हजारो सैनिकांची मने उद्ध्वस्त झाली. अशा रुग्णांवर उपचार करताना आलेला अनुभव सामान्य नागरिकांच्याही उपयोगी पडावा, म्हणून डॉ. ह्यू क्रिक्टन-मिलर यांनी 1920 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात एक दवाखाना काढला. चौकाचे नावच त्याला चिकटले. वीस वर्षे तो मनोरुग्णांचा दवाखाना होता, त्याहून अधिक काही नाही. दुसऱ्या महायुद्धाने त्याचे नशीब पालटले. दवाखान्याचे प्रमुख जे. आर. रीस यांच्याकडे ब्रिटिश सैन्याच्या मानसोपचाराची सूत्रे गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सहकारीही खाकी गणवेशात आले.

सैन्यापुढे अडचण मोठी होती. अधिकारी निवडायची जुनी रीत म्हणजे घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब पाहायची. तेवढ्यावर भागेना, कारण हजारोंच्या संख्येने अधिकारी हवे होते आणि निवडलेल्यांपैकी कितीतरी नालायक ठरून परत येत होते. 1942 मध्ये नवी निवड मंडळे सुरू झाली. त्यांत विल्फ्रेड बायन या मनोवैद्याने एक युक्ती आणली. उमेदवारांची एक टोळी घ्यायची, त्यांना एखादा अडथळा ओलांडण्याचे काम द्यायचे, नायक नेमायचा नाही आणि बाजूला उभे राहून पाहायचे. आपल्याच कीर्तीसाठी कोण धडपडतो आणि काम पार पडावे म्हणून दुसऱ्याला कोण पुढे करतो, हे त्यात उघडे पडे. ही रीत पुढच्याच वर्षी, 1943 मध्ये, देहरादूनला येऊन पोचली. सैन्यात अधिकारी व्हायला निघालेली आपली मुले एस.एस.बी.च्या मैदानावर आजही फळ्या आणि दोर घेऊन जी कसरत करतात, तिचे गोत्र हेच. वर्तमानपत्राचा मनोरा हे त्याच घराण्यातले शेंडेफळ.

युद्ध संपल्यावर या मंडळींना पुन्हा एकेका रुग्णाची नाडी पाहत बसणे जमेना. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून 1946 मध्ये नव्या संस्थेची जुळवाजुळव झाली आणि 1947 मध्ये ‘टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स’ रीतसर स्थापन झाली. पुढल्या वर्षी दवाखाना सरकारी आरोग्यसेवेत गेला, संस्था स्वतंत्र राहिली. अमेरिकेत कुर्ट लेविन यांनी समूहाच्या वर्तनाचा अभ्यास करणारे असेच एक केंद्र काढले होते. त्या दोघांनी मिळून ‘ह्यूमन रिलेशन्स’ हे नियतकालिक 1947 मध्ये सुरू केले. लेविन त्याच वर्षी वारले. येथे एक खुलासा केला पाहिजे. उंदराला दाणा दाखवून कळ दाबायला शिकवणारे जे वर्तनशास्त्र पुस्तकांतून आपल्याला भेटते, ते हे नव्हे. यांचा रोख माणसामाणसांतल्या संबंधांवर होता.

आता खाणीत उतरू. माझ्या मते या संस्थेचे सगळ्यांत मोलाचे काम तेथेच झाले, आणि ते एका खाणकामगारामुळे झाले. केन बॅमफोर्थ हा माणूस अठरा वर्षे कोळसा फोडत होता. संस्थेने उद्योगांतली काही माणसे शिकाऊ अभ्यासक म्हणून घेतली, त्यांत तो होता. शिकून झाल्यावर आपापल्या धंद्यात परत जाऊन तेथे काय चालले आहे ते पाहून यावे, असा शिरस्ता होता. बॅमफोर्थ दक्षिण यॉर्कशायरमधल्या आपल्या जुन्या खाणीकडे गेला आणि परत येऊन त्याने एरिक ट्रिस्ट यांना जे सांगितले, त्यातून 1951 चा तो प्रसिद्ध निबंध झाला.

पूर्वी हातांनी कोळसा फोडत तेव्हा दोघे गडी एक जागा धरत आणि एखादा पोऱ्या ढकलगाडीला लावत. जोडीदार ज्याने त्याने स्वतः निवडायचा. फोडणे, भरणे, छताला टेकू देणे, सारे त्यांनीच करायचे. ठेका त्यांच्या नावावर, कामाचा वेग त्यांच्या हातात. एखादा जखमी झाला किंवा दगावला तर त्याचे घर जोडीदाराने पाहावे, हेही नवलाचे नव्हते. मग यंत्रे आली आणि लांबलचक भिंतीने कोळसा काढण्याची पद्धत आली. सुमारे चाळीस माणसे तीन पाळ्यांत वाटली गेली. पहिल्या पाळीने कोळशाखाली चीर पाडायची आणि सुरुंगाची भोके घ्यायची. दुसरीने वाहक पट्टा सोडवून पुढे सरकवायचा आणि वाट मोकळी करायची. तिसरीने भरायचे. चाळिसांच्या सात जाती झाल्या. त्यांतले वीस जण नुसते भरणारे. प्रत्येकाने आठ-दहा यार्डांच्या तुकड्यावर अंधारात एकट्याने उभे राहायचे. पहिल्या पाळीच्या चुकीचे माप तिसऱ्या पाळीच्या पदरात पडे आणि चूक करणारा तोवर घरी जाऊन झोपलेला असे. पाळ्या एकमेकींना भेटत नसत, भेटत ती फक्त गाऱ्हाणी. खाडे वाढले, आजारपणे वाढली, आणि यंत्र असूनही कोळसा हवा तसा निघेना. 1 जानेवारी 1947 ला खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. मालक बदलला तरी तिसऱ्या पाळीचा एकटेपणा बदलला नव्हता.

बॅमफोर्थने मात्र एका थरात वेगळेच पाहिले. तेथे छत सांभाळण्याची नवी सोय झाली होती, आणि तिचा फायदा घेऊन खाणकामगारांनी, त्यांच्या युनियनने आणि व्यवस्थापकाने मिळून जुनी जोडीची रीत यंत्रासकट परत आणली होती. गटाने सगळी कामे आपसांत वाटायची, आलटूनपालटून करायची, पाळ्यांवर स्वतःच लक्ष ठेवायचे. मुकादमाचे काम फारसे उरले नव्हते. हे शहाणपण लंडनहून आलेले नव्हते. ट्रिस्ट यांनी ते पाहिले, ओळखले आणि त्याला नाव दिले. यंत्राची रचना आणि माणसांची रचना या दोन गोष्टी वेगळ्या काढून चालत नाही, एकाच यंत्रावर काम वाटण्याच्या अनेक रीती असू शकतात, हे त्यांचे म्हणणे. 1963 मध्ये ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डरहॅम परगण्यातल्या खाणींवर ग्रंथ लिहिला, त्यात शेजारशेजारच्या दोन भिंतींची तुलना आहे. एकीवर प्रत्येकाचे काम आणि मजुरी वेगळी. दुसरीवर 41 जणांचा एकच गट, मजुरीची चिठ्ठी एकच, वाटणी त्यांची त्यांनी करायची. पहिली भिंत आपल्या शक्य उत्पादनाच्या 78 टक्के देत होती, दुसरी 95 टक्के. पहिलीवर गैरहजेरी 20 टक्के, दुसरीवर 8.2. त्या गैरहजेरीत अपघाताने घरी बसलेल्यांचे प्रमाण पहिलीवर 6.8 आणि दुसरीवर 3.2 होते. उत्पादनाच्या आकड्यापेक्षा हा शेवटचा आकडा मी आमच्या सभांतून अधिक वेळा सांगतो.

इतका लखलखीत पुरावा हाती असता खाणींच्या राष्ट्रीय मंडळाने ही रीत सगळीकडे नेली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. पहिल्या थरातल्या प्रयोगाचा फार गाजावाजा व्हावा, अशी वरिष्ठांची इच्छाच नव्हती, असे ट्रिस्ट यांनी पुढे लिहिले आहे. अधिकाऱ्यांची ही भीती आपण समजून घेतली पाहिजे. मुकादमावाचून काम अधिक चांगले होते, हे एका ठिकाणी सिद्ध झाले म्हणजे प्रश्न फक्त मुकादमापाशी थांबत नाही.

यानंतर गोष्ट हिंदुस्थानात येते. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचे सूत्रधार गौतम साराभाई यांनी 1953 मध्ये संस्थेच्या ए. के. राइस यांना बोलावले. हे शहर कामगार चळवळीच्या इतिहासात वेगळे आहे. 1918 च्या संपात गांधीजींनी येथेच उपवास केला, 1920 मध्ये येथे मजूर महाजन उभे राहिले, आणि मजुरांच्या बाजूने उभ्या असलेल्या अनसूयाबेन या गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या सख्ख्या भगिनी. गौतम हे त्यांचे भाचे. गिरणी संशोधनासाठी 1947 मध्ये स्थापन झालेल्या अटिरा या संस्थेत कमला चौधरी मानसशास्त्राचा विभाग चालवीत होत्या. म्हणजे जमीन नांगरलेली होती.

कॅलिकोच्या ज्युबिली गिरणीत 1952 पासून स्वयंचलित साचे बसले होते. एका खात्यात 224 साचे आणि पाळीला 29 माणसे, त्यांची बारा प्रकारची कामे. आता हिशेब पाहा. विणकराकडे 24 किंवा 32 साचे. कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस ते पन्नास. बरेच धागे एकदम तुटले तर ते सांधणाऱ्याकडे सुमारे 75. जॉबरकडे 112. तेलवाला आणि झाडूवाला सगळ्या 224 साच्यांचे. त्यामुळे एका विणकराला एका साच्यापाशी एक सांधणारा भेटे, पलीकडच्या साच्यापाशी दुसरा. आणि त्या सांधणाऱ्याला तीनचार विणकर एकाच वेळी हाका मारत. कोणाचाच कोणाशी मेळ नाही. साचे नवे कोरे, तज्ज्ञांनी घड्याळ लावून काढलेले कामाचे बोजे कागदावर बिनचूक, आणि कापड मात्र अपेक्षेइतके निघेना, निघे त्यात खराबी फार.

राइस यांची सूचना साधी होती. साच्यांचे गट पाडा. 64 साच्यांमागे सात माणसांचा एक गट असू द्या. त्या साच्यांचे विणणे, भरणे, सांधणे सारे त्या सात जणांनी मिळून पाहावे. ही कल्पना वरिष्ठांशी आणि जॉबरांशी बोलून खाली पोचली मात्र, पुढचे काम कामगारांनी आपल्या हाती घेतले. कोणी कोणाबरोबर राहायचे ते त्यांनीच ठरवले आणि फार थोड्या वेळात गट बांधून मोकळे झाले. तज्ज्ञांना वाटले होते, महिनोन्‌महिने समजूत घालावी लागेल. राइस यांच्या 1958 च्या ग्रंथात त्यांचे आश्चर्य लपलेले नाही. मला मात्र आश्चर्य वाटत नाही. पाळी संपेपर्यंत दहा जणांच्या हाका ऐकून कान किटलेल्या माणसाला ‘तुझे साथीदार तू निवड’ म्हटल्यावर तो विचार करायला मुदत मागेल कशाला? घडी बसल्यावर कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 वर गेली आणि खराबी 32 टक्क्यांवरून 20 वर आली.

गिरणगावातल्या श्रोत्यांना येथे एक आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, तो संप याच मुळाशी होता. दोन साच्यांच्या जागी तीन साचे घ्या, असे मालकांनी वरून ठरवले होते. आपल्या लोकांनी यंत्राला विरोध केला असे इतिहासात अनेकदा लिहिले जाते. विरोध होता तो हिशेब एकट्या मालकाने मांडण्याला. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रमिक परिषदेत असे बदल करण्याच्या अटी तिन्ही पक्षांनी मान्य केल्या: कपात नाही, बोजा योग्य आहे की नाही याची तपासणी आणि फायद्यात वाटा. त्या अटींत काम आपसांत वाटण्याचा अधिकार मात्र कोठे नव्हता, आणि तो आपणही मागितला नव्हता. पुढल्याच वर्षी नागपूरला केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याच्या वर्गांतून माझ्यासारखे अनेक जण कायदा शिकले, बोनसचे गणित शिकले. साच्यांच्या गटाचे गणित आम्हाला कोणी शिकवले नाही.

टॅव्हिस्टॉकच्या इतिहासात येथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट प्रशिक्षणाची. 1957 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या साहाय्याने संस्थेने दोन आठवड्यांचे निवासी शिबिर भरवले. व्यवस्थापक, तुरुंगाधिकारी, शिक्षक अशी माणसे एकत्र बसवायची, विषय द्यायचा नाही आणि गटात या क्षणी काय घडते आहे, अधिकार कोण कसा चालवतो, त्याचाच अभ्यास करायचा. मागाहून राइसच या शिबिरांचे प्रमुख झाले. अमेरिकेत लेविनच्या शिष्यांनी मेन संस्थानातल्या बेथेल गावी 1947 पासूनच अशी शिबिरे चालवली होती. दोन्हीकडून ही विद्या जगभरच्या व्यवस्थापन शाळांत गेली, आपल्याकडेही आली, आणि झिरपत झिरपत वर्तमानपत्राच्या मनोऱ्यापर्यंत आली. लेस्टरची शिबिरे गंभीर होती, कित्येकांना ती सोसवत नसत. पण तेथे अभ्यास व्हायचा तो माणसाच्या मनातल्या अधिकाराचा. खात्यातला अधिकार शिबिराच्या दाराबाहेर राही. स्वस्त आवृत्तीत तर तोही गंभीरपणा गेला.

दुसरी वाट नॉर्वेला गेली. तेथे 1962 पासून कामगारांचा मध्यवर्ती महासंघ आणि मालकांचा संघ या दोघांनी मिळून औद्योगिक लोकशाहीचे काम काढले. आयनार थोर्सरुड हे तिकडचे आणि फ्रेड एमरी हे टॅव्हिस्टॉकचे, अशा दोघांनी ते चालवले. तार ओढण्याचा कारखाना, कागदाचा कारखाना, खतांचा कारखाना, अशा ठिकाणी प्रयोग झाले. सगळेच यशस्वी झाले असे नाही. काही ठिकाणी गटांची कमाई जुन्या कुशल कामगारांच्या वर जाऊ लागताच कुरबुरी झाल्या. पण युनियन पहिल्या दिवसापासून टेबलाशी असल्यामुळे विषय विझला नाही. 1977 च्या नॉर्वेच्या कायद्यात कामाची रचना कशी असावी आणि तीत कामगाराचे मत कसे घ्यावे, यासाठी कलम आले. मनोऱ्याच्या खेळातून कलम निघत नाही.

आता आमच्या चुकीविषयी बोलतो, कारण ती सांगितल्यावाचून हा इतिहास माझ्या तोंडी शोभणार नाही. मी ज्याची वाटाघाट केली त्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने गटपद्धत आणली. नाव मी घेत नाही. गट सात-आठ जणांचे, बोनस गटाच्या उत्पादनावर. आम्ही दीड महिना भांडलो ते बोनसच्या दरावर. दर चांगला मिळाला, हार घातले गेले. गटात कोण असावे, काम कोणी कसे वाटावे, एक माणूस आजारी पडला तर उद्दिष्ट कमी करायचे की नाही, यावर करारात एक ओळ नव्हती. सहा महिन्यांनी एक बाई माझ्याकडे आल्या. मुलाच्या आजारपणात चार खाडे झाले म्हणून त्यांच्याच गटातल्या साथीदारांनी बोलणे टाकले होते, आणि त्यांना गटातून काढा असा अर्जही दिला होता. पूर्वी हे काम मुकादम करी. आता मुकादमाचा पगार वाचला होता आणि त्याचे काम सात जणांनी फुकट वाटून घेतले होते. डरहॅमच्या 41 जणांचीही चिठ्ठी एकच होती, मग तेथे असे का झाले नाही, हे मी नंतर पुष्कळ वाचून पाहिले. तेथे गट माणसांनी स्वतः बांधला होता, पाळ्या स्वतः लावल्या होत्या, आणि पाठीशी युनियनचा करार होता. आमच्याकडे त्यातली फक्त चिठ्ठी आली.

अहमदाबादचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. 1969 मध्ये एका अभ्यासकाने राइस यांच्या पद्धतीची फेरतपासणी करून तिच्यावर शंका घेतल्या. अशी तपासणी व्हायलाच हवी होती. 1970 मध्ये एरिक मिलर पुन्हा त्या खात्यांत गेले. ते स्वतः 1950 च्या दशकात कॅलिकोत काम केलेले. सतरा वर्षांनंतर गटपद्धत सगळीकडे सारखी उरली नव्हती. जेथे बाजाराची ओढाताण वाढली आणि वरच्या लोकांनी गटांच्या कारभारात हात घालायला सुरुवात केली, तेथे ती नावापुरती राहिली होती. पण एका ठिकाणी ती फारशी न बदलता टिकली होती आणि कामही पूर्वीसारखेच चांगले होते. त्यांचा हा अहवाल 1975 मध्ये छापून आला. 1990 च्या दशकात कॅलिको गिरणीच बंद पडली.

त्या बाईंच्या कारखान्यात करार संपला तेव्हा नव्या मसुद्यात आम्ही तीन ओळी घातल्या: गटाची माणसे गटाने निवडावीत, कामाची वाटणी गटाने करावी, आणि रजेवर असलेल्या माणसाच्या प्रमाणात उद्दिष्ट कमी व्हावे. तिसरी ओळ मान्य झाली. पहिल्या दोन व्यवस्थापनाने खोडल्या. पुढल्या मसुद्यात त्या पुन्हा लिहिल्या आहेत, आणि मसुदा लिहायच्या बैठकीला तो वेल्डरही होता.